खुराड्यावरचे पोळे आणि हातातला टेंभा

पावसाळा सरता सरता खुराड्याच्या पत्र्याखाली, वाशांच्या सांध्यात किंवा शेजारच्या पेरूच्या फांदीवर गांधीलमाशीचे पोळे एकाएकी नजरेत भरते. खरे तर ते तेथे कित्येक आठवडे वाढत असते. कोणाला तरी डंख बसेपर्यंत त्याची दखल घेतली जात नाही, एवढेच. डंख बसला की मात्र घाई सुरू होते. काठीला चिंध्या गुंडाळल्या जातात, रॉकेलची नाही तर डिझेलची बाटली शोधली जाते, किंवा कपाशीवर मारायला आणलेल्या औषधाचा उरलेला डबा अडगळीतून बाहेर निघतो. अर्ध्या तासात पोळे खाली येते आणि विषय संपला असे मानले जाते. प्रत्यक्षात तो संपलेला नसतो. ज्या कारणाने माश्या आल्या ते कारण खुराड्यातच शिल्लक राहते, आगीत किंवा फवाऱ्यात वापरलेली वस्तू कोंबडीच्या पोटात आणि तेथून अंड्यात जाऊ शकते, आणि ज्याला डंख बसला तो माणूस अंगणात बसून चुना लावून घेत असतो. गांधीलमाशीपेक्षा तिच्यावरचा हा इलाज अधिक घातक ठरू शकतो, हे वेळीच समजून घ्यायला हवे.

विषय परसातला असला तरी त्याचा पसारा लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर गेली आणि त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातले होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत एकूण संख्या जवळपास १७ टक्क्यांनी वाढली, पण परसातल्या पक्ष्यांची वाढ सुमारे ४६ टक्के होती. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बेंगळुरूची गिरिराजा, झाबुआचा कडकनाथ ही नावे आता गावागावांत ठाऊक आहेत. बचत गटांपासून शहरांच्या कडेच्या बंगल्यांपर्यंत खुराडी उभी राहिली आहेत. या खुराड्यांची निगा बहुतेक ठिकाणी घरातली बाई राखते. दाणा टाकणे, पाणी भरणे, अंडी गोळा करणे तिच्याकडे आणि शाळेतून आलेल्या पोरांकडे असते. पत्र्याखालच्या पोळ्याशी पहिली गाठ पडते ती यांचीच. त्यामुळे हा प्रश्न कोंबड्यांच्या निगेइतकाच माणसांच्या आरोग्याचा आहे.

गांधीलमाशी खुराड्यापाशी का येते, हे कळले की अर्धे काम होते. ती कोंबडीच्या मागावर आलेली नसते. पूर्ण वाढलेल्या माशीला गोड द्रव लागतो: फुलांतला मध, पिकून फुटलेल्या फळाचा रस, गुळाचे पाणी. पण पोळ्यातल्या अळ्यांना मांसाहार हवा असतो. त्यासाठी ती सुरवंट, घरमाश्या, इतर कीटक पकडते, त्यांचे चावून गोळे करते आणि अळ्यांना भरवते. मेलेल्या प्राण्याचा किंवा मासळीचा तुकडाही काही जातींना चालतो. त्या बदल्यात अळ्या एक पोषक स्राव देतात आणि मोठ्या माश्या तो पितात. म्हणजे पोळे भरले, की खाणारी तोंडेही वाढतात. याखेरीज तिला पाणी लागते, उन्हात पोळे थंड ठेवण्यासाठी आणि लाकडाचा लगदा कालवण्यासाठी. जुन्या लाकडाचे तंतू खरवडून, लाळेत मिसळून ती कागदासारखा पापुद्रा बनवते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७१९ मध्ये हेच पाहून लाकडापासून कागद करता येईल असे सुचवले होते. त्या काळी युरोपात कागद चिंध्यांपासून बनत असे.

आता या गरजांची यादी घेऊन खुराड्याकडे पाहावे. गळक्या नळाखाली किंवा उघड्या भांड्यात पाणी आहे. ओला भरडा, उरलेला भात, कलिंगडाच्या साली, मासळीची डोकी जमिनीवर पडली आहेत. कोपऱ्यात फुटलेले अंडे आहे. विष्ठेवर घरमाश्यांचे थवे आहेत, म्हणजे गांधीलमाशीच्या अळ्यांसाठी ताजे भक्ष्य. वर पावसापासून आडोसा देणारा पत्रा आणि तंतू खरवडायला जुने वासे आहेत. एवढी सोय एका जागी दिसल्यावर माशी दुसरीकडे कशाला जाईल? पोळे पाडले आणि यांतले काहीच बदलले नाही, तर पुढच्या महिन्यात दुसरे पोळे लागते.

दुसरी गोष्ट ओळखीची. आपल्याकडे पिवळे-तांबडे, कमरेत बारीक आणि डंख मारणारे जे काही उडते त्याला सरसकट गांधीलमाशी म्हटले जाते. परसात मात्र किमान चार प्रकार वेगळे ओळखता यायला हवेत. भिंतीवर मातीची घरकुले करणारी कुंभारीण एकटी राहते, कोळी किंवा अळ्या पकडून आपल्या पिल्लांसाठी साठवते आणि मुद्दाम धरल्याशिवाय सहसा डंख मारत नाही. तिच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. पत्र्याखाली किंवा कुंपणात उघड्या कप्प्यांचे, लहान देठाला लटकलेले कागदी पोळे करणाऱ्या माश्या दुसऱ्या. त्यांचे कुटुंब काही डझनांचे असते आणि पोळ्याला धक्का लागला की त्या हल्ला करतात. तिसऱ्या प्रकारच्या माश्या आकाराने मोठ्या, गडद रंगाच्या आणि पोटावर पिवळा पट्टा असलेल्या असतात. त्या झाडावर बाहेरून आवरण असलेले चेंडूसारखे पोळे करतात, किंवा झाडाच्या ढोलीत, जमिनीतल्या पोकळीत राहतात. त्यांची संख्या शेकड्यांत जाऊ शकते आणि सर्वाधिक धोका यांचाच. चौथे आग्या मोहोळ. ते मधमाश्यांचे, गांधीलमाशीचे नव्हे, पण छेडल्यास तितकेच जीवघेणे. उंच फांदीला किंवा इमारतीच्या छज्जाला एकच मोठी फणी लोंबत असेल तर ते आग्या समजावे आणि दूर राहावे.

डंखातही फरक आहे. मधमाशीच्या नांगीला काटे असल्याने ती कातडीत अडकून राहते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी बाहेर निघते, म्हणून एकच माशी पुनःपुन्हा डंख मारू शकते. शिवाय अनेक जातींत डिवचलेली किंवा चिरडलेली माशी असा गंध सोडते, की पोळ्यातल्या बाकीच्या चवताळून येतात. पोळ्याजवळ एक माशी चपलेने मारणे म्हणजे उरलेल्यांना हाकाटी देणे होय.

हे लक्षात घेतले की टेंभ्याचा फोलपणा दिसू लागतो. आग लावली जाते ती बहुधा दिवसाढवळ्या, जेव्हा निम्म्या माश्या चाऱ्याला बाहेर असतात. जळते ते पोळे. बाहेरच्या माश्या परततात आणि त्याच जागी घोंघावत राहतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या दक्षिण भारतात सर्रास आढळणाऱ्या कागदी गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. त्यातून दिसले की राणीला पोळ्यावरून दूर केले, तर काही मिनिटांतच एक कामकरी माशी तिची वारस म्हणून पुढे येते. मोठी माशी मेली की सारे विखुरतील, हा हिशेब येथे चालत नाही. दुसरीकडे खुराडे असते ते लाकूड, बांबू, गोणपाट आणि भाताच्या तुसाचे. ठिणगी पडायचा अवकाश, आत कोंडलेल्या कोंबड्यांना पळायला वाट नसते. शिडीवर टेंभा घेऊन चढलेला माणूस डंख बसताच तोल जाऊन पडतो, हा धोकाही काही कमी नाही.

विषाचा मार्ग याहून वाईट, कारण त्याचे नुकसान लगेच दिसत नाही. शेतात वापरली जाणारी सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट गटातली कीटकनाशके नसांमधले संदेश नियंत्रित करणारे एक विकर बंद पाडतात. हे विकर माणसात आहे तसेच पक्ष्यांतही आहे आणि पक्षी या विषांना फार संवेदनशील असतात. खुराड्यात फवारलेले औषध भिंतीवर, दाण्यावर, पाण्यावर बसते. शिवाय तडफडून पडलेल्या माश्या कोंबड्या आवडीने टिपतात. वर्षानुवर्षे घरोघरी माश्या-झुरळांसाठी वापरले गेलेले डायक्लोरव्हॉस हे असेच एक औषध. केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. जुनी बाटली घरात पडून असेल तर ती खुराड्यावर संपवणे हा तिचा निकाल लावण्याचा मार्ग नव्हे.

अंड्यातून विष पोहोचते का, या शंकेचे उत्तर २०१७ मध्ये युरोपने दिले. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या अंगावरच्या पिसवांसारख्या किडींसाठी खुराड्यांमध्ये जो फवारा मारला गेला, त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक मिसळलेले होते. खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांवर ते वापरायला तेथे परवानगी नव्हती. अंड्यांमध्ये त्याचा अंश सापडला, अनेक देशांत दुकानांतून लाखो अंडी मागे घ्यावी लागली आणि कित्येक फार्म बंद ठेवावे लागले. तेथे तपासणीची यंत्रणा होती म्हणून हे उघड झाले. परसातल्या अंड्याची तपासणी कोणी करत नाही. ते सकाळी उचलले जाते आणि दुपारी मुलाच्या ताटात असते. आपल्याकडे फिप्रोनिल शेतीसाठी सहज मिळते, हेही विसरता येत नाही. फवारणाऱ्याच्या जिवाबद्दल तर महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २०१७ च्याच खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हातमोजे नाहीत, तोंडावर नुसता गमछा आणि डोक्यावरच्या पोळ्याकडे रोखलेला पंप. अशा वेळी औषधाचे थेंब फवारणाऱ्याच्याच तोंडावर पडतात.

मग करायचे काय? पहिले काम झाडू आणि झाकण यांचे आहे. ओला भरडा कोंबड्या वीस-तीस मिनिटांत संपवतील एवढाच द्यावा आणि उरलेला उचलावा. फळांच्या साली, मासळी-मटणाचे उष्टे खुराड्यात टाकायचेच असेल तर सकाळी टाकून दुपारपूर्वी काढून घ्यावे. पडीक पेरू, आंबे, चिकू रोज वेचावेत. दाण्याचा डबा झाकणाचा असावा. फुटलेले अंडे, मेलेले पिल्लू त्याच दिवशी लांब खड्ड्यात पुरावे. विष्ठा आणि ओले तूस वेळच्या वेळी हलवून खताच्या खड्ड्यात मातीखाली झाकले, की घरमाश्या घटतात आणि त्यांच्या मागे येणाऱ्या गांधीलमाश्याही घटतात. पाण्याची भांडी शक्यतो अरुंद तोंडाची किंवा चोचीने दाबल्यावर थेंब सोडणारी घ्यावीत. गळका नळ दुरुस्त करावा. उन्हाळ्यात माश्या पाण्यावर फारच येत असतील तर खुराड्यापासून लांब, येण्या-जाण्याच्या वाटेबाहेर, एका पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवावे. ते रोज बदलावे, नाही तर गांधीलमाशी टाळताना डेंग्यूचे डास पाळले जातील.

गुळाच्या पाण्याची कापलेली प्लास्टिकची बाटली टांगून सापळा करण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग मर्यादित असतो. भटक्या माश्या तीत अडकतात, पोळे मात्र तसेच राहते. बाटली खुराड्यालाच टांगली तर लांबच्या माश्यांनाही ते निमंत्रण ठरते. टांगायचीच असेल तर ती पंधरा-वीस पावले दूर असावी आणि तिच्यात मध घालू नये, कारण मधमाश्या त्यात मरतात.

दुसरे काम नजरेचे. फेब्रुवारीपासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून एकदा पत्र्याची खालची बाजू, वाशांचे सांधे, पालथी डालगी, अंड्यांच्या पेट्या आणि गोणपाटांच्या घड्या तपासाव्यात. पोळ्याची सुरुवात चार-सहा कप्प्यांनी आणि एक-दोन माश्यांनी होते. त्या अवस्थेत संध्याकाळी उशिरा, अंगभर कपडे, हातमोजे आणि डोक्याला जाळी बांधून लांब काठीने ते काढून टाकता येते. पोळ्याचा देठ खरवडून जागा स्वच्छ केली आणि फट लिंपून घेतली, की पुन्हा तेथेच बांधण्याची शक्यता घटते. काम करताना कोंबड्या बाहेर काढलेल्या असाव्यात, मुले घरात असावीत आणि पळण्याची वाट मोकळी असावी. मुठीएवढे झालेले, माश्यांनी भरलेले पोळे हे घरच्या माणसाचे काम राहत नाही. आवरण असलेले मोठे पोळे किंवा आग्या मोहोळ असेल तर तिकडे फिरकूसुद्धा नये. अग्निशमन दल किंवा हे काम शिकलेल्या माणसालाच बोलवावे आणि तोपर्यंत खुराडेच तात्पुरते दुसरीकडे हलवावे. ज्याला पूर्वी गांधीलमाशीच्या डंखाने अंगभर गांधी उठल्या आहेत किंवा श्वास कोंडला आहे, त्याने लहान पोळ्यालाही हात लावू नये.

प्रत्येक पोळे पाडलेच पाहिजे असेही नाही. वाट आणि खुराडे सोडून बांधाच्या झाडावर असलेले पोळे शेतकऱ्याच्या उपयोगाचे असते. २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या एका अभ्यासात कागदी गांधीलमाश्यांनी मक्यावरची लष्करी अळी आणि उसावरचा खोडकिडा कमी केल्याचे दिसून आले. तीच अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली आणि महाराष्ट्रातल्या मक्याची डोकेदुखी झाली. तिच्यावर औषध मारायचे आणि तिला फुकटात खाणारी माशी जाळायची, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. खुराड्यातल्या घरमाश्याही ती नेतेच. तेव्हा पोळे कोठे आहे, माणसांच्या आणि कोंबड्यांच्या वावरापासून किती दूर आहे, यावर निर्णय व्हावा. ते दिसले एवढ्याने नव्हे.

कोंबड्यांची बाजूही पाहायला हवी. पिसांमुळे त्यांचे बरेच अंग झाकलेले असते. डंख बसतो तो तुरा, गळ्याखालची लोळी, डोळ्यांभोवतीचा भाग आणि पाय यांवर. मोठ्या कोंबडीला एखाद-दुसरा डंख सहसा सोसतो. लहान पिल्ले आणि बंद खुराड्यात सापडलेले पक्षी यांना मात्र अनेक डंखांनी मरण येऊ शकते. डंखलेला पक्षी सावलीत वेगळा ठेवावा, सुजलेल्या जागी गार पाण्याची पट्टी द्यावी. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, डोळा मिटला असेल किंवा पाणी पीत नसेल तर पशुवैद्यकाला दाखवावे. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

माणसाला डंख बसतो तेव्हा आपल्याकडे उपचारांची कमतरता नसते. कोणी लोखंड घासतो, कोणी चुना लावतो, कोणी कांदा, कोणी तुळशीखालची माती. डंखाचे विष आम्ल असते की अल्क, यावर लिंबू की सोडा असा वादही रंगतो. वास्तविक विषाचे प्रमाण अत्यल्प असते आणि ते कातडीच्या आत सोडलेले असते. वरून लावलेले काहीही त्याला गाठून निष्प्रभ करत नाही. मातीने मात्र धनुर्वाताचा धोका वाढतो. बहुतेकांना बहुतेक वेळा पुरेसे असते ते इतकेच: तेथून शांतपणे पण लगेच दूर जाणे, साबण-पाण्याने जागा धुणे, कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवणे, हातावर डंख असेल तर सूज चढण्यापूर्वी अंगठ्या आणि बांगड्या काढणे. मधमाशीची नांगी अडकली असेल तर ती कशी काढावी यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचे. डंखाभोवती मोठी सूज दोन-तीन दिवस राहणे त्रासदायक असले तरी घातक नसते.

घातक असतात त्या दोन गोष्टी. पहिली तीव्र अ‍ॅलर्जी, वैद्यकीय भाषेत अ‍ॅनाफिलॅक्सिस. हा शब्द शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये रूढ केला. समुद्रातल्या विषारी जीवांचे विष कुत्र्यांना टोचताना त्यांना दिसले, की पहिली मात्रा सोसलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या लहानशा मात्रेने मरतो. रिशे यांना त्यासाठी १९१३ चे नोबेल मिळाले. गांधीलमाशीच्या बाबतीत नेमके हेच घडू शकते: पूर्वी डंख सहज पचवलेल्या माणसाला पुढचा एकच डंख प्राणघातक ठरतो. ‘मला कितीदा चावली आहे, काही होत नाही’ हा म्हणूनच भरवशाचा दाखला नव्हे. डंखापासून दूर अंगभर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, दम लागणे, उलट्या, पोटात कळा, चक्कर, शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे आहेत. ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंच्या अभ्यासात आढळले, की डंखानंतर निम्म्या लोकांचे हृदय किंवा श्वास सुमारे १५ मिनिटांच्या आतच थांबला होता. चुना कालवण्यात घालवायला एवढा वेळ कोणाकडे नसतो.

यावर पहिले औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनलिन. प्रौढ माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनानुसार, आणि गरज पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅलर्जीविरोधी किंवा स्टिरॉइडचे इंजेक्शन हे त्यानंतरचे. ते आधी देऊन वाट पाहत बसणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, दम लागत असल्यास बसवावे, पण उठवून चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बरे वाटल्यावरही काही तास देखरेखीखाली ठेवावे, कारण लक्षणे उलटून येऊ शकतात. तोंडात किंवा घशात डंख बसला असेल तर अ‍ॅलर्जी नसतानाही सुजेने श्वास कोंडतो, म्हणून थेट रुग्णालय गाठावे.

दुसरी घातक गोष्ट म्हणजे एकाच वेळी अनेक डंख. येथे अ‍ॅलर्जीची गरजच नसते. विषाची मात्राच पुरते. स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, त्यांचा कचरा मूत्रपिंडात साचतो आणि एक-दोन दिवसांनी लघवी काळपट, कमी होऊ लागते. २०१३ मध्ये चीनच्या शान्शी प्रांतात मोठ्या गांधीलमाश्यांच्या हल्ल्यांत चाळीसहून अधिक माणसे दगावली आणि सोळाशेहून अधिक जखमी झाली. त्यांतल्या अनेकांना डायलिसिसवर ठेवावे लागले. या विषावर प्रतिविष नाही. म्हणून दहा-बारा डंख बसलेल्या माणसाने, आणि त्याहून कमी बसलेल्या लहान मुलाने, दुखणे थांबले तरी रुग्णालयात रक्त-लघवी तपासून घ्यावी. माश्या अंगावर आल्या तर हात झटकत उभे न राहता तोंड झाकून सरळ घरात पळावे. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारू नये.

व्यक्तीने काय करावे हे एवढे झाले. व्यवस्थेचे काम वेगळे आहे. अ‍ॅड्रेनलिन हे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतले, अगदी स्वस्त औषध. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मुदतीतले, हाताशी असले पाहिजे, आणि डॉक्टर येईपर्यंत ते देण्याचे प्रशिक्षण व अधिकार तेथल्या परिचारिकेला असले पाहिजेत. स्वतःच टोचून घ्यायची तयार लेखणी परदेशात अशा रुग्णांच्या खिशात असते. आपल्याकडे ती सहज मिळत नाही, म्हणून तर उपकेंद्राचे महत्त्व अधिक. ज्यांना एकदा तीव्र प्रतिक्रिया आली आहे त्यांच्यासाठी विषाच्या सूक्ष्म मात्रा देऊन सहनशक्ती वाढवण्याचा उपचार १९७८ मध्येच अमेरिकेत चाचणीत सिद्ध झाला. तो जिल्हा पातळीपर्यंत कधी येणार, हे आरोग्य खात्याने सांगायला हवे. पशुसंवर्धन विभाग परसातल्या कुक्कुटपालनासाठी पक्षी आणि खुराडे देतो, तेव्हा त्यासोबत एक पान खुराड्याच्या स्वच्छतेचे, पोळे ओळखण्याचे आणि डंखानंतरच्या लक्षणांचे द्यायला फारसा खर्च येत नाही. मोठी पोळी उतरवणारी दोन-चार प्रशिक्षित माणसे आणि त्यांचा पोशाख एवढी सोय चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून केली, तर शिडीवर टेंभा घेऊन चढण्याची पाळी कोणावर येणार नाही.

पावसाळ्यानंतरचे हे दिवस खुराड्याच्या डागडुजीचे असतात. पत्रा बदलताना, तूस उपसताना त्याच्या खालच्या बाजूकडेही एकदा पाहावे, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात अ‍ॅड्रेनलिन आहे का हे आजच विचारून ठेवावे.